पोलिसांचे स्वयंसेवक आणि तुमची जबाबदारी: पट्टायाला सहली नेणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून पट्टायाला गट सहली नेणाऱ्या कंपन्यांचे चालक, टूर मॅनेजर आणि बुकिंग घेणारे एजंट यांस,

सप्रेम नमस्कार.

पट्टायात राहणारे आणि तिथल्या पोलिसांना भाषेच्या कामात विनामोबदला मदत करणारे आम्ही काही मराठी माणसे हे पत्र लिहीत आहोत. पत्र तुम्हाला आहे, पण तुमच्या प्रवाशांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही ते वाचावे म्हणून ते उघडपणे लिहिले आहे.

निमित्त असे. सहलीच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये स्वयंसेवकांचे खासगी मोबाइल क्रमांक ‘पट्टाया पोलीस, मराठी’ अशा नावाने टाकले जात आहेत. बुकिंग घेताना ‘तिथे पोलिसांत आपली माणसे आहेत, काहीही झाले तरी बघून घेतील’ असे सांगितले जाते. ही माणसे पोलीस नाहीत, ती तुमची नाहीत आणि ती काहीही बघून घेऊ शकत नाहीत. या एका खोट्या आश्वासनावर विसंबून प्रवासी नको ते धाडस करतो, योग्य क्रमांकाला फोन करत नाही आणि मोलाचे पहिले दोन तास वाया घालवतो. हे यापुढे मुकाट्याने चालू द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

स्वयंसेवक कोण आणि त्याला काय करता येते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नीट माहीत नाही, म्हणून आधी तेच सांगतो. पर्यटक पोलीस ही थायलंडच्या राष्ट्रीय पोलीस दलाची शाखा आहे. तिचा क्रमांक ११५५. तो चोवीस तास चालतो आणि इंग्रजीत बोलता येते. पट्टाया, फुकेत, चियांग माई अशा गावांमध्ये या शाखेच्या जोडीला तिथे दीर्घकाळ राहणारे परदेशी नागरिक स्वयंसेवक म्हणून काम करतात. ते मुख्यतः संध्याकाळनंतर थाई अधिकाऱ्यांबरोबर बाहेर पडतात. पट्टायात वॉकिंग स्ट्रीट आणि बीच रोड या भागात ते दिसतात. रस्ता सांगणे, चुकलेल्या माणसाला त्याच्या हॉटेलपर्यंत पोचवणे, भांडणात दोन्ही बाजूंना अंतरावर उभे करणे, रुग्णवाहिका येईपर्यंत जखमेवर दाब धरून बसणे, अशी ही कामे. पण सगळ्यात मोठे काम दुभाष्याचे. घाबरलेल्या माणसाचे म्हणणे अधिकाऱ्यापर्यंत आणि अधिकाऱ्याचे म्हणणे त्या माणसापर्यंत जसेच्या तसे पोचवायचे, स्वतःचे काही न घालता.

स्वयंसेवकाला अटक करता येत नाही. दंड घेता येत नाही. कुणाची झडती घेता येत नाही, पासपोर्ट ठेवून घेता येत नाही, तपास करता येत नाही आणि भरपाईचा आकडा ठरवता येत नाही. त्याचा पोशाख गडद रंगाचा, पाठीवर मोठी अक्षरे असलेला असतो. त्यामुळे दुरून तो पोलीसच वाटतो, आणि या सारखेपणावर थायलंडमध्ये अनेकदा टीका झालेली आहे. आम्हाला ती टीका रास्त वाटते. परक्या देशाच्या माणसाने आपल्या रस्त्यावर पोलिसी रुबाब दाखवावा हे कुणालाच आवडणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाकडून चिनी पोलिसांच्या संयुक्त गस्तीची कल्पना पुढे आली, तेव्हा देशभरातून एवढा विरोध झाला की सरकारला ती काही दिवसांतच गुंडाळावी लागली. तो प्रस्ताव दुसऱ्या देशाच्या सरकारी पोलिसांचा होता, आमच्यासारख्या रहिवाशांचा नव्हता. तरी लोकांच्या मनातली अढी तीच आहे. थाई अधिकाऱ्यांनी ठेवलेल्या विश्वासावर हे काम उभे आहे, आणि ‘पोलिसांत आमचा माणूस आहे’ या तुमच्या एका वाक्याने तो विश्वास खचतो.

याला कायद्याची बाजूही आहे. थायलंडमध्ये परदेशी माणसाने केलेले विनावेतन काम हे बराच काळ कायद्याच्या व्याख्येत ‘काम’च धरले जात होते. २०१८ च्या दुरुस्तीने ती व्याख्या बदलली, पण दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारा माणूस आजही पोलिसांनी नेमून दिलेल्या चौकटीतच मदत करू शकतो. तुमच्या गाइडने कृतज्ञतेपोटी त्याच्या खिशात हजार बाटची नोट सरकवली आणि ती त्याने घेतली, तर त्याचे स्वयंसेवकपद जाईलच. व्हिसाही धोक्यात येईल. म्हणून पाकिटे, मिठाईच्या डब्यात ठेवलेले पैसे, ‘साहेबांना द्या’ म्हणून दिलेली रोकड, हे सगळे बंद करा.

आता तक्रारी. पहिलीच सर्वांत मोठी आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

वस्तू चोरीला जाते आणि तुमची बस सकाळी आठला निघते

तुमची ठरलेली आखणी दोन रात्री पट्टाया, दोन रात्री बँकॉक अशी असते. दुसऱ्या रात्री बीच रोडवर मोटारसायकलवरून आलेला कुणीतरी गळ्यातली साखळी ओढून नेतो. रात्रीचा एक वाजलेला असतो. प्रवासी टूर मॅनेजरला फोन करतो, टूर मॅनेजर स्थानिक गाइडला, गाइड फोन उचलत नाही, आणि मग कुणीतरी स्वयंसेवकाचा खासगी क्रमांक देतो. त्या रात्री त्याची पाळी असतेच असे नाही. पाळी नसेल तर तो ठाण्यात येऊन काहीही करू शकत नाही.

बरोबर क्रम असा. आधी ११५५. मारहाण किंवा जीवाचा धोका असेल तर १९१ (पोलीस), जखमी असेल तर १६६९ (रुग्णवाहिका). पर्यटक पोलीस मदत करतात, सोबत येतात. पण गुन्ह्याची नोंद होते ती गुन्हा घडला त्या हद्दीच्या ठाण्यात. मध्य पट्टायाच्या घटनांसाठी ते बीच रोडवरचे सोई ९ (सोई म्हणजे गल्ली) चे ठाणे. तिथे त्या वेळी पाळीवर असलेला तपास अधिकारीच जबाब घेतो, आणि त्याच्यापुढे त्याच रात्रीचा अपघात, मारामारी, दारूच्या बिलाचा वाद अशी रांग असते. दोन-तीन तास थांबावे लागणे नेहमीचे आहे. ओळख काढून रांग तोडता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये.

जाताना काय न्यावे हे तुमच्या एकाही माहितीपत्रकात आम्हाला दिसलेले नाही. पासपोर्ट, किंवा निदान त्याच्या पहिल्या पानाचा आणि थायलंडच्या प्रवेश-शिक्क्याचा फोटो. हॉटेलचे नाव आणि पत्ता थाई लिपीत. हॉटेलच्या कार्डावर तो असतो. घटनेची वेळ, आणि जागा जवळच्या सोईच्या क्रमांकासह. बीच रोडवर ‘समुद्राच्या बाजूला, नारळाच्या झाडाजवळ’ सांगून काही उपयोग नाही; सोईचा क्रमांक सांगितला तरच कोणता कॅमेरा बघायचा ते कळते. मोबाइल गेला असेल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटची ओळख सांगणारा क्रमांक. दागिना असेल तर तो घातलेला फोटो, वजन, आणि घरून मागवता आली तर सोनाराची पावती. विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक.

नोंद थाईत होते. जबाब वाचून दाखवला जातो आणि खाली सही घेतली जाते. दुभाष्याकडून प्रत्येक ओळ समजून घेतल्याशिवाय सही करू नये. इथे हमखास एक चूक होते. वस्तू ‘हरवली’ आणि ‘चोरीला गेली’ या दोन नोंदींचा विम्यावर परिणाम वेगळा होतो. बऱ्याच प्रवास-विम्यांत नुसती हरवलेली वस्तू किंवा रोकड भरून मिळत नाही. म्हणून काही टूर मॅनेजर प्रवाशाला ‘हिसकावली म्हणून सांगा’ असा सल्ला देतात आणि दुभाष्याने ते रेटावे अशी अपेक्षा धरतात. थायलंडमध्ये खोटी फिर्याद देणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. भागातले कॅमेरे अधिकारी बघतात. फोन टॅक्सीत विसरलेला दिसला की फिर्यादीचा आरोपी होतो. आम्ही जे सांगितले जाईल तेच सांगणार, आणि विचारले तर खरे तेच सांगणार.

आणि मग सकाळी आठ वाजता बस बँकॉकला निघते. नोंदीची प्रत मिळालेली नसते, तिचा इंग्रजी अनुवाद व्हायचा असतो. टूर मॅनेजर म्हणतो, बाकीच्या चाळीस जणांना थांबवता येत नाही. त्याचे म्हणणे खरे आहे. पण याचा विचार सहल आखतानाच करायला हवा होता. एका जोडप्याला आणखी एक रात्र पट्टायात ठेवायची, स्थानिक प्रतिनिधीने दुसऱ्या दिवशी प्रत घेऊन त्यांना बँकॉकच्या हॉटेलवर पोचवायचे, यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. ती तरतूद तुमच्याकडे नसते, म्हणून ते काम स्वयंसेवकाच्या गळ्यात पडते. पोलिसांनी आम्हाला ते नेमून दिलेले नाही.

पासपोर्ट गहाण ठेवणे आणि गोळा करणे

जेट स्की, भाड्याची स्कूटर, कधी कधी हॉटेलची अनामत, या सगळ्यांसाठी पासपोर्ट मागितला जातो आणि तुमचे प्रवासी तो देऊन टाकतात. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. तो गहाण टाकायचा अधिकार प्रवाशालाच नाही. हे एक वाक्य तुम्ही निघण्यापूर्वी सांगितले तर निम्मी भांडणे होणारच नाहीत.

जेट स्कीचा वाद कसा घडतो ते सांगतो. यंत्र परत आणल्यावर चालक खालच्या बाजूचा ओरखडा दाखवतो आणि हजारो बाट मागतो. ओरखडा बऱ्याचदा जुना असतो, पण पासपोर्ट त्याच्या हातात असतो, आजूबाजूला त्याचे चार जण उभे असतात आणि बोट सुटायची वेळ झालेली असते. स्वयंसेवक आला तरी तो फक्त दोघांचे बोलणे एकमेकांना समजावू शकतो. नुकसान किती, द्यायचे की नाही, हे तो ठरवत नाही. पुरावा फक्त एकच चालतो: पाण्यात जाण्यापूर्वी, चालकासमोर, चारही बाजूंनी आणि तळाकडून घेतलेला व्हिडिओ, ज्यात यंत्राचा क्रमांक आणि चालकाचा चेहरा दिसतो. यंत्र पाण्यात उभे असेल तर तळ दिसत नाही. ते वाळूवर ओढून दाखवायला सांगायचे. नकार दिला तर ते घ्यायचे नाही. पट्टायासमोरच्या कोरल आयलंड बेटाचा कार्यक्रम तुम्हीच विकता, स्पीडबोट तुमच्याच स्थानिक भागीदाराची असते, म्हणजे किनाऱ्यावर कुणाचे यंत्र घ्यायचे हेही तुम्हाला ठरवता येते. जो पासपोर्ट मागतो त्याच्याकडे गट नेऊ नका.

उलट बाजूही आहे. काही टूर मॅनेजर सोयीसाठी विमानतळावरच सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून स्वतःच्या बॅगेत ठेवतात. ती एक बॅग गेली की चाळीस माणसे अडकतात. हरवलेल्या पासपोर्टचे काम पट्टायात होत नाही. पोलीस नोंद घेऊन सुमारे १५० किलोमीटरवरच्या बँकॉकला, सुखुमवित सोई २३ मधल्या भारतीय दूतावासाच्या यंत्रणेकडे जावे लागते. तिथे भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. मग थायलंडच्या इमिग्रेशनकडे प्रवेशाची नोंद त्या कागदावर आणावी लागते, तेव्हा कुठे विमानात बसता येते. घटना शुक्रवारी रात्रीची असेल तर सोमवारपर्यंत खोळंबा ठरलेला. यातले कुठलेही पाऊल स्वयंसेवकाच्या फोनने कमी होत नाही.

ज्या गोष्टी गुन्हा आहेत हे कुणी सांगतच नाही

२०२४ मध्ये एकवीस लाखांहून अधिक भारतीय थायलंडला आले. त्या वर्षी जुलैपासून विनाव्हिसा मुक्कामाची मुदत साठ दिवसांची झाली, त्यामुळे गर्दी आणखी वाढली. इतकी माणसे नेताना चार नियम सांगणे कुणाला जड जाऊ नये.

पत्ते घ्या. हॉटेलच्या खोलीत तीन पत्ती खेळणे हा गटांचा आवडता कार्यक्रम. थायलंडमध्ये पैसे लावून खेळणे गुन्हा आहे आणि १९३५ च्या पत्त्यांच्या कायद्याप्रमाणे नोंद नसलेले १२० हून जास्त पत्ते जवळ बाळगणेही गुन्हा आहे. म्हणजे पैसे लावले नाहीत तरी तीन कॅट बरोबर असले की मर्यादा ओलांडली. हा कायदा नुसता पुस्तकात नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टायालगतच्या जोमतिएनला ब्रिज (पत्त्यांचा खेळ) खेळणाऱ्या ३२ परदेशी ज्येष्ठांना पोलिसांनी उचलले होते. त्यांत ८४ वर्षांच्या एक बाई होत्या. मे २०२३ मध्ये पट्टायातल्या एका हॉटेलवर जुगाराची धाड पडली, तेव्हा पकडलेल्यांत ऐंशीहून अधिक भारतीय होते.

ई-सिगारेट: आयातीवर २०१४ पासून आणि विक्रीवर २०१५ पासून बंदी आहे, जवळ सापडली तरी कारवाई होते. ती मुंबईहून नेऊ नये आणि तिथल्या रस्त्यावर उघड विकायला दिसली तरी घेऊ नये. साधी सिगारेट समुद्रकिनाऱ्यावर ओढणे २०१८ पासून ठरावीक किनाऱ्यांवर मना आहे. शिक्षेची कमाल मर्यादा एक वर्ष तुरुंग किंवा एक लाख बाट दंड इतकी आहे. गांजाची दुकाने गावभर दिसली म्हणून तो भारतात आणता येत नाही. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर गांजा पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. ‘एवढी बॅग घरी पोचवा’ म्हणून कुणी दिले तर नाही म्हणायचे, हे प्रत्येक गटाला सांगा.

स्कूटर. भारतातला नुसता चारचाकीचा परवाना असलेला माणूस पट्टायात दुचाकी भाड्याने घेतो. त्याला मोटारसायकलचा शिक्का असलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्याकडच्या आरटीओत मिळतो आणि एक वर्ष चालतो. तो नसेल तर रस्त्यावर दंड होतो, पण खरा फटका अपघातानंतर बसतो: विमा कंपनी परवान्याचे कारण देऊन रुग्णालयाचे बिल नाकारते. हाड मोडून खासगी रुग्णालयात पडलेल्या प्रवाशाची अनामत कोण भरणार, हा प्रश्न मग आम्हाला विचारला जातो.

छोट्या कुरबुरींतली एकच सांगतो, कारण ती रोज होते. बीच रोड आणि सेकंड रोडच्या फेऱ्यांवर धावणाऱ्या सोंगथ्यूत, म्हणजे मागे बाकडी असलेल्या पिकअप गाडीत, आधी भाडे विचारायचे नसते. चढायचे, उतरायच्या जागी घंटी दाबायची, खाली येऊन पैसे द्यायचे. ठरलेल्या मार्गावर माणशी ठरलेले भाडे, असे वर्षानुवर्षे चालत आले आहे. आधी ‘कितना?’ विचारले की चालक ती स्वतंत्र भाड्याची फेरी समजतो आणि दोनशे सांगतो. मग भांडण, मग गर्दी, मग ११५५.

पुरुषांचे गट

हे लिहायला संकोच वाटतो, पण न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही कंपन्या फक्त पुरुषांच्या सहली सूचक शब्दांत विकतात. त्यातून माणूस अशी समजूत करून येतो की पट्टायात सगळे चालते. थायलंडमध्ये वेश्याव्यवसाय १९९६ च्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि कामावर असलेल्या किंवा नुसत्या रस्त्याने चाललेल्या बाईला हात लावणे, तिचा व्हिडिओ काढणे, दर विचारत मागे मागे जाणे हे तिथेही तितकेच अपमानाचे आहे जितके दादरला असेल. अशा वेळी मार खाल्लेला माणूस ठाण्यात फिर्यादी म्हणून येतो आणि कॅमेऱ्यात वेगळेच दिसते. आम्ही त्याचे म्हणणे प्रामाणिकपणे थाईत सांगतो. त्याची बाजू घेत नाही. ‘आपल्या माणसासाठी एवढेही करत नाही’ ही तक्रार आम्हाला मान्य नाही. समोरची बाईही कुणाच्या मदतीची वाट बघत ठाण्यात बसलेली असते.

अटक झाल्यावर ‘सोडवून आणा’

प्रवाशाला ताब्यात घेतले की स्थानिक गाइड गटातून पैसे गोळा करतो, ‘पोलिसांना द्यायला’. ते कुणाला गेले, याची पावती नसते. कायदेशीर दंड आणि जामीन यांची पावती मिळते; पावती नसलेला पैसा देऊ नका, दुसऱ्याला गोळा करू देऊ नका. प्रवाशाचे हक्क तुम्ही सांगायला हवेत. थाई न येणाऱ्या माणसाला दुभाषा पुरवणे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ प्रमाणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे, आणि गंभीर प्रकरणात तो दुभाषा अधिकृत असावा. रस्त्यावरच्या स्वयंसेवकाने आरोपीच्या जबाबाचे काम अंगावर घेऊ नये. पोलिसांना ४८ तासांच्या आत न्यायालयापुढे नेऊन पुढच्या कोठडीची परवानगी घ्यावी लागते. भारतीय दूतावासाला कळवा, अशी मागणी करता येते आणि ती करावीच. वकील कंपनीने सुचवावा, नाव आधीच हाताशी असावे.

इथेच तुमच्या टूर मॅनेजरबद्दल. पर्यटकांना मार्गदर्शन करणे हा व्यवसाय थायलंडने स्वतःच्या नागरिकांसाठी राखून ठेवला आहे. मुंबई-पुण्याहून आलेला टूर मॅनेजर माइक हातात घेऊन स्थळाची माहिती देऊ लागला, तर पकडला जाऊ शकतो, आणि मग गटाकडे बघायला कुणीच उरत नाही. परवानाधारक थाई गाइड प्रत्येक बसमध्ये असला पाहिजे. खर्च वाचवण्यासाठी त्याला फक्त पहिल्या दिवशी दाखवून नंतर सोडून देता, हे आम्हाला ठाऊक आहे आणि पोलिसांनाही ठाऊक आहे.

शेवटची तक्रार थोडक्यात. काही स्थानिक भागीदार आपल्या हॉटेलातल्या किंवा उपाहारगृहातल्या माणसांना स्वयंसेवक म्हणून भरती करवून घेऊ पाहतात, म्हणजे तो पोशाख धंद्याला उपयोगी पडेल. हितसंबंध असलेल्या माणसाने या कामात येऊच नये. आमच्यातला कुणी पर्यटन व्यवसायात शिरला तर त्याने आधी हे काम सोडावे, असे आम्ही आपसात ठरवले आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

स्वयंसेवकांचे क्रमांक सर्व गटांतून आणि माहितीपत्रकांतून काढून टाका, आणि पोलिसांशी ओळख असल्याचे सांगून बुकिंग घेणे थांबवा.

प्रत्येक प्रवाशाच्या हाती खिशात मावणारे एक कार्ड द्या. एका बाजूला मराठीत: ११५५, १९१, १६६९, दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, तुमच्या जागे असणाऱ्या माणसाचा क्रमांक, विमा कंपनीचा क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक. दुसऱ्या बाजूला थाई लिपीत: हॉटेलचे नाव-पत्ता, रक्तगट, आणि ‘मला थाई येत नाही, कृपया पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन करा’ हे वाक्य. हॉटेल बदलले की कार्ड बदला. कार्ड मोबाइलवर पाठवून भागत नाही. चोरीला आधी मोबाइलच जातो.

निघण्यापूर्वी अर्धा तास बसवून वरचे नियम सांगा. विमानतळावरच्या गडबडीत सांगू नका, दोन दिवस आधी सांगा. त्यातच डिजिटल आगमन कार्डाचेही सांगा: मे २०२५ पासून ते सक्तीचे आहे, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि सरकारी संकेतस्थळावर ते मोफत आहे. त्याचे पैसे प्रवाशाकडून घेत असाल तर ते कार्डाची फी म्हणून लावू नका.

पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहू द्या. त्याचे फोटो प्रवाशाच्या, घरच्यांच्या आणि तुमच्या कार्यालयाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

प्रत्येक गटामागे ठाण्यात किंवा रुग्णालयात थांबू शकेल असा एक पगारी माणूस पट्टायात ठेवा. त्याला थाई आणि हिंदी दोन्ही यायला हव्यात, आणि बस निघाल्यावरही तो तिथेच राहायला हवा. एका खोलीच्या एका जादा रात्रीची तरतूद सहलीच्या किमतीत धरा आणि ती तशी छापा.

जेट स्की, पॅरासेलिंग, स्कूटर यांच्यासाठी तुम्ही ज्यांच्याकडे गट नेता त्यांच्याकडून ‘पासपोर्ट ठेवून घेणार नाही’ असे लेखी घ्या. हिशेबात तुम्ही त्यांच्याकडून कमिशन घेता, तर वादाच्या वेळी किनाऱ्यावर उभेही राहा.

फक्त पुरुषांच्या सहलींच्या जाहिरातींतली सूचक भाषा काढून टाका आणि वर्तणुकीचे नियम बुकिंगच्या अर्जावर सहीसाठी ठेवा.

ज्या मराठी माणसांचा थायलंडमध्ये दीर्घ मुक्काम आहे, थाई चांगली येते, पर्यटन व्यवसायाशी संबंध नाही आणि रात्र जागायची तयारी आहे, त्यांनी थेट पर्यटक पोलिसांकडे चौकशी करावी. कुणाच्या शिफारशीने येऊ नये. भारतीय भाषा येणारे दुभाषे कमी पडतात, विशेषतः ज्यांना हिंदीही जेमतेम येते अशा वयस्कर प्रवाशांसाठी.

येत्या दिवाळीच्या बुकिंगपूर्वी वरच्या मागण्यांपैकी कोणत्या तुम्ही मान्य करता ते तुमच्या स्वतःच्या माहितीपत्रकात आणि संकेतस्थळावर छापा. आम्हाला वेगळे उत्तर पाठवायची गरज नाही. प्रवासी बुकिंग करताना ते वाचून घेतील. आमच्या बाजूने आजपासून इतकेच: खासगी फोनवर आलेल्या प्रत्येकाला आम्ही ११५५ लावायला सांगू, आणि पाळीवरचा अधिकारी बोलावेल तेव्हाच ठाण्यात येऊ.

आपले,
पट्टायात पोलिसांना भाषेची मदत करणारे काही मराठीभाषक स्वयंसेवक